हात लावला की हलणारा एसडब्ल्यूआर: घरच्या छोट्या अँटेनाची जुनाट तक्रार

तक्रार बहुतेक वेळा याच क्रमाने येते. गॅलरीत किंवा गच्चीवर हॅम रेडिओचा छोटा अँटेना लावला, वायर थोडी थोडी कापत एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते याचं माप; १ म्हणजे अजिबात नाही) १.३ वर आणला, काही दिवस मजेत गेले. मग एका संध्याकाळी तोच मीटर २.५ दाखवतो. वर जाऊन जोडण्या चाचपल्या, काहीच सुटलेलं नाही. खाली येऊन पाहावं तर पुन्हा १.४. केबल जरा बाजूला सरकवली की काटा हलतो, रिगच्या (रेडिओ सेटच्या) पत्र्यावर हात ठेवला की हलतो, लॅपटॉपची यूएसबी वायर काढली तर हमखास हलतो. पुष्कळ जण इथे अँटेना पुन्हा कापायला घेतात. पक्कड खाली ठेवा. हात लावल्याने रीडिंग बदलत असेल, तर तुम्ही ज्याला अँटेना समजून मोजताय त्यात केबलची बाहेरची बाजू, रिग, पॉवर सप्लाय आणि त्यामागची घराची वायरिंग हेही सामील झालेलं आहे. ते बाजूला काढेपर्यंत वायर कितीही कापा, आकडा एका जागी थांबणार नाही.

करंट कुठून निसटतो

कोॲक्स केबलमध्ये आपण दोनच वाहक मोजतो: मधली तार आणि जाळी. रेडिओ फ्रिक्वेन्सीला मात्र तिथे तीन वाटा असतात. स्किन इफेक्टमुळे करंट धातूच्या पृष्ठभागालगतच वाहतो. ७ मेगाहर्ट्झला तांब्यात ही खोली जेमतेम २५ मायक्रॉन भरते. म्हणून जाळीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू हे दोन वेगळे रस्ते झाले. मधल्या तारेतला आणि जाळीच्या आतल्या बाजूचा करंट सारखा आणि उलट दिशेचा असतो, त्यामुळे त्याचं क्षेत्र केबलच्या आतच राहतं. जाळीच्या बाहेरच्या बाजूला करंट आला की मात्र केबल साध्या उघड्या वायरसारखी वागते. ती रेडिएट करते आणि आजूबाजूचा कचराही उचलून आणते. हाच कॉमन मोड करंट.

पूर्ण डायपोलला दोन सारखे हात असतात, १४.२ मेगाहर्ट्झसाठी टोकापासून टोकापर्यंत साधारण १०.१ मीटर. एका हातात जितका करंट जातो तितकाच दुसऱ्या हातातून परत येतो. घरी इतकी जागा नसते, म्हणून आपण दुसरा हात गाळतो आणि व्हिप (एकच काठी), एंड-फेड वायर (एका टोकाला जोडलेली), एखाददुसऱ्या रेडियलवरचा (बुडाशी पसरलेल्या तारेवरचा) व्हर्टिकल यांवर भागवतो. पण फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) मधल्या तारेतून जितका करंट बाहेर पडतो तितकाच जाळीतून आत यावा लागतो, ही अट काही सुटत नाही. तुम्ही वाट दिली नाही तर तो जाळीच्या बाहेरच्या बाजूला आपली वाट शोधतो. अँटेना जितका छोटा आणि एकहाती, तितका हा त्रास जास्त. हँडहेल्ड सेटचं उदाहरण घ्या. त्याचा दुसरा हात म्हणजे सेटची चौकट आणि तो धरणारा माणूस. अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या कड्याला, १४५ मेगाहर्ट्झसाठी ४९ सेंटिमीटरची लवचीक वायर जोडून ती खाली लोंबू दिली तरी सिग्नल बऱ्याचदा जाणवण्याइतका सुधारतो. दिसायला जरा विचित्र दिसते, पण तीच वायर म्हणजे गाळलेला दुसरा हात.

आधी केबलचा दोष वेगळा काढा

कॉमन मोडवर घसरण्याआधी केबल आणि कनेक्टर निर्दोष आहेत की नाही हे ठरवून टाका, नाहीतर दोन दोष एकमेकांत मिसळतात. अँटेनाकडचं टोक सोडवा आणि तिथे ५० ओहमचा डमी लोड (पॉवर हवेत न सोडता गिळणारा रेझिस्टर) लावा. आता रिगकडून पाहिलं तर एसडब्ल्यूआर १.१ च्या आसपास हवा. या स्थितीत प्रत्येक कनेक्टर धरून हलवा. इथेच काटा नाचला तर झाळ सुटली आहे किंवा जाळी नीट क्रिंप झालेली नाही. पीएल-२५९ कनेक्टरमध्ये जाळी नुसती दाबून बसवलेली असेल तर हा दोष महिना-दोन महिन्यांनी हमखास उगवतो, कारण तांबं काळं पडतं.

मल्टिमीटरही लावून पाहा, पण बीप आली म्हणजे शॉर्ट असं समजू नका. ४९:१ ट्रान्सफॉर्मरचा एंड-फेड, जे-पोल आणि मॅग्नेटिक लूप हे अँटेना डीसीला शॉर्टच दिसतात. साधा डायपोल आणि साधा ग्राउंड प्लेन उघडे दिसतात. आपल्या अँटेनाचं निरोगी रीडिंग काय हे आधी माहीत असलं तरच या तपासणीला अर्थ आहे.

केबलचा तोटाही याच वेळी मोजून घ्या. लांबचं टोक मोकळं ठेवायचं, नॅनोव्हीएनएवर (हातात मावणाऱ्या अँटेना-मापकावर) रिटर्न लॉस (परत आलेला सिग्नल किती डीबीने कमी आहे) वाचायचा आणि त्याचं निम्मं करायचं. तो एका दिशेचा तोटा. १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ ची १५ मीटर केबल सुमारे ३ डीबी, म्हणजे निम्मी पॉवर, खाते. म्हणजे अँटेना पूर्ण तुटून पडला तरी रिगला एसडब्ल्यूआर ३ च दिसेल, आणि खरोखर ३ असलेला अँटेना १.७ इतका सज्जन वाटेल. व्हीएचएफवर (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) बसून घेतलेल्या एसडब्ल्यूआरवर माझा फार विश्वास नाही तो यामुळेच. मीटर वर, अँटेनापाशी न्या.

दोन मीटरचा तुकडा

आता खरी परीक्षा. रिग आणि केबल यांच्यामध्ये त्याच प्रकारच्या चांगल्या केबलचा दोन-तीन मीटरचा तुकडा जोडा आणि पुन्हा मोजा. १४५ मेगाहर्ट्झला अर्धा मीटरही पुरे. ५० ओहमच्या केबलची लांबी वाढवल्याने एसडब्ल्यूआर बदलायला नको. तुकड्याच्या तोट्यामुळे तो किंचित कमी दिसेल, १.५ चा १.४५, एवढंच. तो १.५ वरून २.२ वर गेला किंवा उलट १.१ वर आला, तर केबलची बाहेरची बाजू अँटेनाचा भाग झाली आहे यात शंका ठेवू नका. 'अमुक लांबीची केबल घेतली की एसडब्ल्यूआर उतरतो' हा जो तोडगा सुचवला जातो, त्याचं गुपितही हेच. लांबी बदलून तुम्ही दोष हलवलात, काढला नाहीत.

याच गटातलं आणखी एक कोडं: नॅनोव्हीएनए १.२ दाखवतो आणि तीच केबल रिगला लावली की रिगचा मीटर २ दाखवतो. दोन्ही यंत्रं बरोबर असू शकतात. नॅनोव्हीएनए बॅटरीवर चालतो, हातात अधांतरी असतो. केबलची बाहेरची बाजू तिथेच संपते. रिगला लावल्यावर तीच बाजू पॉवर सप्लाय, अर्थिंगची वायर आणि संगणकापर्यंत लांबते. खात्री करायची असेल तर नॅनोव्हीएनए टेबलावर ठेवून वाचा, मग मुठीत धरून वाचा. आलेख सरकला तर उत्तर मिळालं. अर्थात आधी तेवढ्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यासाठी ओपन, शॉर्ट, लोड असं कॅलिब्रेशन केलेलं असायला हवं.

बाकीच्या खुणा ओळखीच्या आहेत. बोलताना माइक ओठाला चुणचुणतो, एफटी-८ वर (संगणकाने चालणारा डिजिटल प्रकार) ट्रान्समिट सुरू झालं की माऊस गोठतो, टेबललॅम्प आवाजाच्या तालावर लुकलुकतो. शॅकमधला ट्यूनर यावर उपाय नाही. तो रिगला ५० ओहम दाखवून खूश ठेवतो, बाहेरच्या बाजूच्या करंटला हातही लावत नाही. गळक्या नळाखाली बादल्या बदलण्यातला प्रकार.

चोक, नीट वळलेला

उपाय दोन भागांत आहे: गाळलेला दुसरा हात परत द्यायचा, आणि जाळीच्या बाहेरच्या बाजूला चोक (करंट अडवणारं वेटोळं किंवा फेराइट) लावून वाट बंद करायची. नुसता चोक लावून मोकळं होणारे पुष्कळ असतात; मग करंटला जायला कुठेच जागा उरत नाही आणि एसडब्ल्यूआर आणखी बिघडतो.

एचएफसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ३१ मिक्सचा (मिक्स म्हणजे कोअरच्या मिश्रणाचा प्रकार) २.४ इंची फेराइट टोरॉइड (कड्यासारखी कोअर) घ्या, एफटी-२४०-३१ या नावाने मिळतो तो. त्यातून आरजी-५८ चे १० ते १२ वेढे काढले की ७ ते १४ मेगाहर्ट्झला दोनेक हजार ओहमचा अडथळा सहज मिळतो. एक टोक झिप-टायने कोअरला घट्ट बांधा, मग प्रत्येक वेढा आधीच्याच्या शेजारी बसवत जा, एकावर एक चढवू नका. दुसऱ्या टोकाचा कनेक्टर वेढे झाल्यावरच लावा, नाहीतर भरत आलेल्या भोकातून पीएल-२५९ ओढताना केबलचं कवच सोलतं. केबलच्या आत फोम असेल तर ती इतक्या घट्ट वळणासाठी वापरू नका. मधली तार हळूहळू फोम कापत जाळीकडे सरकते आणि महिन्यांनी शॉर्ट होतो. घट्ट पॉलिथिनची आरजी-५८ किंवा टेफ्लॉनची आरजी-३१६, आरजी-४०० बरी. आणखी वेढे घातले म्हणजे आणखी फायदा असंही नाही. वेढ्यांमधल्या कपॅसिटन्समुळे चोकचा प्रभाव खालच्या बँडकडे सरकतो, म्हणून २८ मेगाहर्ट्झचं काम असेल तर आठ-नऊ वेढ्यांवर थांबा.

जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधून काढलेली पिवळी-पांढरी कडी इथे चालत नाहीत. ती लोखंडाच्या भुकटीची, २६ मिक्सची. लाल रंगाची २ मिक्स आणि पिवळी ६ मिक्स ट्यून केलेल्या कॉइलसाठी उत्तम, पण त्यांची पर्मिएबिलिटी (चुंबकीय क्षेत्र धरण्याची क्षमता) १० च्या आसपास. ४३ मिक्सची ८००, ३१ ची १५००. केबलवर चिमटवायचे क्लिपवाले फेराइट एचएफवर एकेरी घातले तर जेमतेम काही दशक ओहम देतात. भोक मोठं असेल आणि त्यातून केबल तीनदा फिरवता आली तर तोच तुकडा नऊपट काम करतो, कारण अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. १४५ मेगाहर्ट्झला मात्र असे चार-पाच क्लिप एकापाठोपाठ लावले तरी भागतं.

केबलचीच गुंडाळी करून केलेला हवेचा चोक फुकटात होतो म्हणून लोकप्रिय आहे. तो एका बँडवर चालतो, दुसऱ्यावर दगा देतो. त्याचा अडथळा निव्वळ इंडक्टिव्ह असतो; केबलची बाहेरची बाजू त्या फ्रिक्वेन्सीला कपॅसिटिव्ह असली तर दोघं मिळून रेझोनन्स करतात आणि करंट आधीपेक्षा वाढतो. ३१ मिक्सचा एचएफवरचा अडथळा बराचसा रेझिस्टिव्ह असतो, तो असा रद्द होत नाही.

कुठे लावायचा

डायपोलला फीडपॉइंटपाशी, यात वाद नाही. १४५ मेगाहर्ट्झच्या ग्राउंड प्लेनला रेडियलच्या लगेच खाली. हा अँटेना घरी करायला सर्वात सोपा: एसओ-२३९ सॉकेटच्या मधल्या पिनेला ४९ सेंटिमीटरची उभी तार आणि चार भोकांत त्याहून किंचित लांब चार रेडियल. रेडियल आडवे ठेवले तर इम्पिडन्स (एसी करंटला होणारा विरोध) ३६ ओहमच्या आसपास येतो, ४५ अंशांत खाली वाकवले की ५० च्या जवळ. तो लोखंडी कठड्याला थेट आवळला तर कठडाच पाचवा, सहावा, सातवा रेडियल होतो आणि कठड्याला कोणी टेकलं की मीटर हलतो. मधे अर्धा मीटर पीव्हीसीचा पाइप घाला.

एंड-फेड हाफ-वेव्हला मात्र चोक चुकीच्या जागी बसतो असं वारंवार दिसतं. टोकाला वायरचा इम्पिडन्स अडीच हजार ओहमच्या घरात असतो, म्हणून ४९:१ ट्रान्सफॉर्मर. परतीचा करंट थोडा असतो, पण शून्य नसतो. त्याला तरंगलांबीच्या सुमारे ०.०५ पट काउंटरपॉइज (परतीच्या करंटसाठीची वायर) पुरतो. १४ मेगाहर्ट्झला १ मीटर, ७ मेगाहर्ट्झला २ मीटर. ही वायर ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंडला जोडा आणि चोक ट्रान्सफॉर्मरपाशी लावा. वेगळी वायर लोंबवायची नसेल तर केबलचाच तेवढा भाग काउंटरपॉइज समजा आणि चोक तेवढं अंतर सोडून लावा. दोन्ही पद्धती चालतात. काउंटरपॉइजही नाही आणि चोक थेट ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशी, ही जोडणी तेवढी चालत नाही. जाता जाता: १०० वॉटला या वायरच्या टोकाशी ५०० व्होल्ट आरएमएस उभे असतात, तेव्हा ते टोक ग्रीलपासून, पानांपासून आणि मुलांच्या हातापासून लांब हवं. विजेच्या तारांच्या तर आसपासही नको.

केबल घरात शिरते तिथे दुसरा चोक लावा. पहिला चोक कितीही चांगला असला तरी केबल अँटेनाच्या क्षेत्रातून जाते आणि वाटेत पुन्हा करंट उचलते. केबल अँटेनापासून काटकोनात निघाली तर हे पुष्कळ कमी होतं. जागेअभावी ती वायरला समांतर जात असेल तर दुसऱ्या चोकशिवाय पर्याय नाही.

"अर्थिंग घट्ट करा" हा सल्ला इथे फारसा कामाचा नाही. वरच्या मजल्यावरून जमिनीपर्यंत १० मीटर वायर गेली तर ती ७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची होते, आणि खाली जमिनीला पक्की असली तरी वरच्या टोकाला हजारो ओहम दाखवते. सुरक्षेचं अर्थिंग जागेवर राहू द्या, ते काढू नका. फक्त त्याच्याकडून रेडिओ फ्रिक्वेन्सीची अपेक्षा धरू नका.

चोक लावूनही हलतोय

मग दोष कधी उगवतो त्याची वेळ पाहा. पाऊस किंवा दवानंतर बिघडतो आणि ऊन पडलं की सुधारतो, तर कनेक्टरमध्ये पाणी आहे. स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, तिच्यावर साधी टेप, आणि केबल कनेक्टरकडे वरून न आणता खाली एक झोळ देऊन आणा. जाळीतून पाणी केबलभर झिरपलं असेल तर तोटा वाढतो आणि एसडब्ल्यूआर उलट सुधारत जातो. स्टेशनं मंद होत चालली आणि मीटर मात्र दिवसेंदिवस खूश, ही केबल बदलण्याची वेळ.

ट्रान्समिट सुरू करताना १.३ आणि काही सेकंदांत चढत चढत २, थांबलं की पुन्हा १.३: कोअर तापते आहे. एफटी-८ मध्ये प्रत्येक १५ सेकंदांच्या खेपेत सुमारे १२.६ सेकंद पूर्ण पॉवर जाते. ट्रान्सफॉर्मरचा तोटा १ डीबी धरला तरी १०० वॉटमधले २० वॉट त्या छोट्या डब्यात उष्णता होऊन बसतात. ट्रान्समिट बंद करून कोअरला हात लावून पाहा. दोन कोअर एकावर एक ठेवा, नाहीतर पॉवर ३० वॉटवर आणा.

५ वॉटला सगळं ठीक आणि ५० वॉटला काटा एकदम उडी मारतो: कुठेतरी ठिणगी पडते आहे. अंधारात पाहिलं तर कधी कधी दिसतेही.

मॅग्नेटिक लूपचं (कपॅसिटरने ट्यून होणाऱ्या कड्याच्या अँटेनाचं) गणित थोडं वेगळं. तिथे हात जवळ नेल्याने आलेख सरकणं स्वाभाविक आहे, कारण बँडविड्थ काही किलोहर्ट्झचीच असते. कपॅसिटर फिरवायला लांब प्लॅस्टिकची दांडी लावा आणि ट्रान्समिट करताना जवळ उभे राहू नका. कपॅसिटरवर हजारो व्होल्ट येतात. एसडब्ल्यूआर तोच राहूनही लूप मंदावला असेल तर सांधे तपासा. १ मीटर व्यासाच्या लूपचा रेडिएशन रेझिस्टन्स (रेझिस्टन्सचा तो भाग ज्याची पॉवर हवेत जाते) १४ मेगाहर्ट्झला ०.१ ओहम, ७ मेगाहर्ट्झला तर ०.००६ ओहम. स्क्रूने आवळलेला एक काळवंडलेला सांधा यापेक्षा जास्त रेझिस्टन्स दाखवू शकतो, म्हणून सांधे झाळूनच घ्यावेत.

फारच चांगला एसडब्ल्यूआर

छोट्या अँटेनाने पूर्ण बँडभर सपाट १.१ दाखवला तर मला आनंदाऐवजी शंका येते. ७.१ मेगाहर्ट्झला २.५ मीटरच्या व्हिपचा रेडिएशन रेझिस्टन्स जेमतेम १.४ ओहम आहे. कोणतंही मॅचिंग न करता तो ५० ओहम दिसत असेल तर उरलेले ४८ आणि काही ओहम बुडाची कॉइल आणि जमिनीच्या तोट्याचे; हवेत जाणारी पॉवर ३ टक्क्यांहून कमी. अशा व्हिपला दोन-चार रेडियल जोडले की एसडब्ल्यूआर बिघडतो आणि लोक घाबरून रेडियल काढतात. काढू नका. तोटा कमी झाल्यामुळेच इम्पिडन्स खाली आला आहे. आता बुडाशी मॅचिंग करा.

सुधारणा झाली का हे मीटरऐवजी हवेत तपासलेलं बरं. डब्ल्यूएसपीआर वर (कमी पॉवरचे सिग्नल कुठे ऐकू आले याची स्टेशनं आपोआप नोंद करतात ती पद्धत) २०० मिलिवॉट लावून, त्याच बँडवर, लागोपाठ, आधीची आणि नंतरची जोडणी आलटून पालटून चालवा आणि त्याच त्या स्टेशनांचे आकडे ताडून पाहा. काल आणि आज अशी तुलना निरुपयोगी, आयनोस्फियर तेवढा वेळ थांबत नाही.

ऐकण्यातला फरक मात्र लगेच कळतो. रिग बॅटरीवर घ्या, एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर) दिसणारा गोंगाट लिहून ठेवा, घराचा मेन स्विच पाडा. गोंगाट चार-पाच एस-युनिटने खाली आला तर तो तुमच्याच घरातला होता. मग एकेक सर्किट चालू करत जा. बहुधा एखादा मोबाईलचा चार्जर किंवा एलईडी दिव्याचा ड्रायव्हर सापडतो. तो बदलण्याआधी त्याच्या वायरीचे पाच-सहा वेढे ३१ मिक्सच्या कोअरमधून काढून पाहा, आणि मेन स्विच पाडण्यापूर्वी घरातल्यांना सांगा.